कुंभार्लीच्या घाटातून नवी गाडी

गेल्या अंकात कडधान्यांना कीड लागू नये म्हणून काय करावं ते लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतलं एक मात्र कडधान्यांबद्दल नव्हतंच. लिहिणाऱ्या भगिनीच्या घरी पहिलीच मोटार यायची आहे. तिने दोन गोष्टी विचारल्यात. गाडी ताब्यात घेताना आपण बायकांनी काय बघून घ्यावं, ही एक; आणि सासूबाईंना घाट लागतो, त्यावर काही घरगुती उपाय आहे का, ही दुसरी. पहिलीचं उत्तर माझ्याकडे तयार आहे. दुसरीचंही होतं, चांगलं चौदा वर्षं होतं. पण हल्ली ते पूर्वीच्या खात्रीने देववत नाही. का, ते सांगायचं तर आम्ही कराडहून गाडी आणली ती हकीकत सगळीच सांगायला हवी.

आमचं घर चिपळूणला. २२ जुलै २०२१चा पूर तुमच्यापैकी पुष्कळजणींनी बातम्यांत पाहिला असेल, आम्ही तो माळ्यावर बसून पाहिला. ह्यांनी मित्राकडून घेतलेली जुनी गाडी अंगणात उभी होती. आधी चाकं गेली, मग काचा, मग नुसतं टप दिसत राहिलं आणि नंतर तेही दिसेना. विमा होता, पण नुसता ‘थर्ड पार्टी’चा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा. आपलं नुकसान आपल्यापाशी! भंगारवाल्याने हातावर ठेवले ते पैसे घेतले नि तो विषय संपला. गंमत अशी की गाडी बुडाली, पण माळ्यावरच्या डब्यात ठेवलेलं माझं लायसन कोरडंठाक राहिलं. २०१९ साली हौसेने काढलेलं आणि काढल्यापासून डब्यातच असलेलं. ‘घाटाचे रस्ते आहेत आपल्याकडे, तू कशाला?’ असं हे म्हणायचे, आणि मलाही ते पटायचं.

चार वर्षं गाडीविना काढली. २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा ह्यांनी पुन्हा कागद-पेन्सिल घेतली. निम्मा हप्ता ह्यांच्या पगारातून, निम्मा माझ्या शाळेतल्या अर्धवेळ नोकरीतून, असं ठरलं. कर्ज आणि गाडी माझ्या नावावर, कारण काही बँका बायकांना व्याजात किंचित सवलत देतात. ती सवलत किती, ते आधी विचारून घ्या. आम्हांला मिळाली ती एवढीशीच होती, पण मिळाली. मीही चिकाटीने पुन्हा ड्रायव्हिंग स्कूलात पंधरा दिवस जाऊन हात बसवून घेतला. गावात आम्हांला हवी ती गाडी दीड महिना मिळणार नव्हती, सगळ्यांनाच दिवाळीपूर्वी हवी होती ना! कराडला सासूबाईंची धाकटी बहीण असते. तिच्या मुलाने कळवलं, की इथे एक तयार आहे, पांढरी चालेल का? चालेल म्हटलं. तात्पुरता नंबर लावून आणायची आणि कायमचा नंबर आपल्या रत्नागिरीचा घ्यायचा, असं ठरून कोजागिरीनंतरच्या शुक्रवारी आम्ही तिघं सकाळच्या एस.टी.त बसलो. मुलीची चाचणी होती, ती शेजारी राहिली. २०२३च्या मार्चपासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे कंडक्टरने दोन अर्धी नि एक पूर्ण असं म्हटल्यावर हे दरवेळेसारखे खट्टू झाले.

चिपळूण सोडलं तेव्हा वाशिष्ठीच्या खोऱ्यात धुकं साचलेलं होतं. भात कापणीला आलेलं, कुठे कुठे कापून आडवं घातलेलं. अलोरे गेलं, पोफळी आली. कोयना धरणाचं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने आणून इथे जमिनीखाली वीज करतात आणि मग ते वाशिष्ठीत सोडतात. म्हणजे कोयनेचं काही पाणी आपल्या वाटेने कराडला जाऊन कृष्णेला मिळतं आणि काही आमच्या दारावरून दाभोळच्या खाडीत जातं. वर्गात हे शिकवताना मुलं नेहमी विचारतात, ‘बाई, मग खरी कोयना कुठली?’

पोफळी सुटली, घाट सुरू झाला आणि नेहमीप्रमाणे सासूबाईंनी डोळे मिटले.

लग्न होऊन आल्यापासून हे मी पाहत आले. कराडला जायचं म्हटलं की पोफळीला त्यांचे डोळे मिटायचे ते पाटण आल्यावर उघडायचे. परत येतानाही तसंच, उलट्या क्रमाने. ओठ हलत असायचे. घाट लागतो, असं सगळेच म्हणत आणि त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. मी नवी सून. पहिल्याच प्रवासात आवळासुपारीची डबी त्यांच्या हातात ठेवली. पुढे आलेपाक करून नेला, लिंबाच्या सालीचा वास घ्यायला दिला. हे सगळे उपाय खरे आहेत बरं का, मी ते टाकून देत नाही. रिकाम्या पोटी घाट चढू नये आणि तुडुंब जेवूनही चढू नये. पुढच्या बाजूला बसावं, लांबवर रस्त्याकडे बघावं, मान खाली घालून मोबाइलमध्ये डोकं घालू नये, डॉक्टरांना विचारून गोळी घ्यायची तर निघण्याआधी घ्यावी, घाटात पोचल्यावर नव्हे. त्याही दिवशी मी डबी पुढे केली. त्यांनी न बघता चिमूटभर घेतली.

कराडला आम्ही साडेदहाच्या सुमारास शोरूममध्ये पोचलो. आता पहिल्या प्रश्नाकडे वळते. शोरूममध्ये गेल्याबरोबर ते तुम्हांला गुच्छ देतात, गाडीवर लाल कापड घालून ठेवतात, फोटो काढतात. ते सगळं छान असतं. पण कापड ओढण्याआधी, म्हणजे फोटोच्या आधी, कागद मागा. फोटो झाला की आपण पाघळतो आणि पेढे वाटायला लागतो.

मी पेपर तपासायला बसावं तशी बसले. गाडीवर कोरलेला चासी नंबर आणि इंजिन नंबर बिलावरच्या आकड्यांशी एकेक अक्षर जुळवून पाहिला. विक्रीच्या दाखल्यावर गाडी कुठल्या महिन्यात, कुठल्या साली तयार झाली ते लिहिलेलं असतं, ते वाचलं. वर्ष उलटलेली गाडी नवी म्हणून गळ्यात यायला नको. काट्यावर किती किलोमीटर झालेत ते पाहिलं. आमच्यावर ४१ होते, ते ठीक. दोनअडीचशे दिसले तर मात्र कुठे फिरली होती ते विचारा. गाडी सावलीतून उन्हात आणायला लावली, कारण रंगातला ओरखडा शोरूमच्या दिव्यांत दिसत नाही. काचा वरखाली, वायपर, हॉर्न, सगळे दिवे, मागचे पट्टे. डिकीतलं पायपुसणं उचलून पाचवं चाक पाहिलं तर चाक होतं पण जॅकचा दांडा नव्हता. ‘मॅडम, दोन दिवसांत कुरिअर करतो.’ मी म्हटलं, ‘मी बसते.’ वीस मिनिटांत दांडा आला. कुठून आला ते मी विचारलं नाही.

खरी गोष्ट विम्याच्या कागदात होती. नव्या गाडीला थर्ड पार्टीचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, २०१८च्या सप्टेंबरपासून हा नियम आहे. पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा बहुधा एकाच वर्षाचा असतो. कागदावर तीन वर्षं वाचून कित्येकजणी निर्धास्त राहतात आणि दुसऱ्या वर्षी गाडीचं नुकसान झालं की हात चोळत बसतात. तारीख दोन्ही ठिकाणी बघा, कॅलेंडरवर लिहून ठेवा. शिवाय साध्या पूर्ण विम्यातही पाणी शिरून इंजिन बिघडलं तर ते बहुतेक वेळा बसत नाही. त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण थोडे पैसे जास्त भरून घ्यावं लागतं. आम्ही ते आधी तोंडी सांगितलं होतं, पैसेही हिशेबात धरले होते. कागदावर त्याचं नाव नव्हतं. तो तरुण म्हणाला, ‘मॅडम, ते तसं कोणी घेत नाही.’ मी म्हटलं, ‘आमच्याकडे गाड्या बुडतात.’ तो जरा गप्प झाला. नवा कागद निघायला तास लागला. हे घड्याळाकडे बघत होते, सासूबाई मात्र खुर्चीत शांत बसून होत्या. मला म्हणाल्या, ‘घाई करू नकोस गं. पूर्ण वाच.’ आणि आणखी एक, विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे अशी सक्ती नसते. बाहेर दोन ठिकाणी विचारून गेलं तर बोलायला बळ येतं.

मग सासूबाईंनी गाडीला हळदकुंकू लावलं, शेवंतीचा हार घातला, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. किल्ली त्या तरुणाने बिलावर माझं नाव असूनही ह्यांच्याच हातात दिली. फोटोत मी गुच्छ धरून आहे.

नव्या गाडीत पेट्रोल वाटी-दोन वाटीच असतं, तेव्हा पहिला मुक्काम पेट्रोल पंप. तिथेच स्वच्छतागृहात जाऊन घ्या, लाजू नका. पुढे घाटात सोय नाही आणि आपण बायका पाणी न पिता प्रवास करतो तेच मळमळीचं एक कारण असतं. मावशींकडे जेवून निघायला दोन वाजले. हे चालवत होते, मी शेजारी, सासूबाई मागे. उसाच्या शेतांतून, डावीउजवीकडे डोकावणाऱ्या कोयनेच्या सोबतीने रस्ता पश्चिमेकडे निघतो. पण शुक्रवार पडला. ह्यांच्या ऑफिसातून फोनावर फोन. एकदा घेतला नाही, दोनदा घेतला नाही, तिसऱ्यांदा साहेबांचाच आला. मल्हारपेठच्या अलीकडे ह्यांनी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, ‘अगं, हे अर्ध्या तासाचं लचांड आहे. पाटणपर्यंत तू घे.’

घेतली. पाटण आलं. पठारावरच्या पवनचक्क्या दिसायला लागल्या. ह्यांचा फोन संपला होता, पण ‘आता दे’ असं ते म्हणाले नाहीत आणि मीही थांबले नाही. फक्त समोर ट्रक आला की ह्यांचा उजवा पाय आपल्या बाजूला जोरात दाबला जायचा. तिथे ब्रेक नाही, अहो!

आरशात पाहिलं. सासूबाईंनी डोळे मिटलेले होते. पाटण गेलं की मिटायचेच. ह्यांना म्हटलं, डबी द्या त्यांना. हेळवाक जवळ आलं, जिथे महाबळेश्वराकडून दक्षिणेला येणारी कोयना एकदम पूर्वेला वळते, आणि मागून आवाज आला, ‘अगं, थांबवता येईल का इथे कोयनानगरला? थांबवता येत असेल तर थांबव.’

मला वाटलं, उलटी होतेय. घाईघाईने आत वळून गाडी उभी केली, पिशवी काढली. सासूबाई दार उघडून उतरल्या आणि पदर सावरून सरळ चालायला लागल्या. आम्ही दोघं मागे. वसाहतीतले दोन रस्ते त्यांनी ओलांडले, एका घराशी थांबल्या, पुन्हा मागे आल्या. कुठेच काही ओळखीचं लागत नव्हतं. शेवटी एका रिकाम्या जागेशी, तेरडा नि गवत माजलं होतं तिथे, त्या थांबल्या.

‘इथंच कुठंतरी आमची चाळ होती,’ म्हणाल्या.

त्यांचे वडील धरणाच्या कामावर होते हे आम्हांला माहीत होतं. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे सव्वाचार-साडेचारच्या दरम्यान भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर जवळजवळ भुईसपाट झालं, हे मी दरवर्षी वर्गात सांगते. सासूबाई तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. ‘आम्ही पण होतो तिथे, मग चिपळूणला आलो,’ एवढंच त्यांनी कधीतरी सांगितलेलं. त्यांना सव्वा वर्षाचा एक भाऊ होता, हे त्या दिवशी कळलं. ह्यांनाही तेव्हाच कळलं.

‘थंडी होती,’ त्या म्हणाल्या. ‘पाळणा दाराशी टांगलेला असायचा. फटीतून गार वारा येतो म्हणून त्या संध्याकाळी मीच आईच्या मागे लागले आणि आतल्या भिंतीकडे घेतला. दगडमातीची भिंत. दार तसंच उभं राहिलं बघ. भिंत तेवढी आली.’

थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘आई कधी बोलली नाही मला. एकदासुद्धा नाही.’

काय बोलावं ते मला सुचलं नाही. ‘तुम्ही लहान होतात’ हे म्हणायला जीभ उचलली, पण ते त्यांनी स्वतःला किती वेळा सांगून पाहिलं असेल! हे नुसते उभे होते. समोरच्या घरातून एक बाई तांब्या-भांडं घेऊन आल्या, कोण-कुठले न विचारता पाणी दिलं. सासूबाईंनी गाडीच्या हारातली शेवंतीची दोन फुलं माझ्याकडून मागून घेतली, गवतात ठेवली आणि म्हणाल्या, ‘चला, उजेड आहे तोवर घाट उतरू.’

परत येताना मी विचारलं, ‘आई, इतकी वर्षं सांगितलं का नाही? उतरलो असतो की एखाद्या फेरीला.’ तर म्हणाल्या, ‘एस.टी. कुठे थांबते गं आपल्यासाठी? ती तिच्या थांब्याला थांबते. तिथे उतरायचं म्हणजे कोणाला तरी कारण सांगायला हवं. आणि मग पुढची गाडी दोन तासांनी.’

गाडीपाशी आल्यावर त्यांनी पुढचं दार उघडलं. ‘तू मागे बस,’ असं ह्यांना सांगितलं, ‘मला पुढे बसू दे.’ हे काही न बोलता मागे बसले नि पट्टा लावला. मागेही लावायचा असतो, नियमच आहे.

घाट उतरण्याबद्दल चार शब्द, कारण मला ते ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी घोकून घेतलं होतं आणि त्या दिवशी ते उपयोगी पडलं. ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरायचं. मी दुसऱ्यात ठेवली. इंजिनच गाडीला धरून ठेवतं. सतत ब्रेकवर पाय राहिला तर ब्रेक तापतात आणि नेमके हवे तेव्हा लागत नाहीत. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणं हा तर वेडेपणा. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड. वळणावर हॉर्न, आणि वळणावर कोणाला मागे टाकायचं नाही. मागचा कितीही हॉर्न वाजवो, रुंद जागा आली की बाजूला होऊन त्याला जाऊ द्यावं. आपला काही अपमान होत नाही. माकडं रस्त्यावर बसतात, त्यांना खायला घालू नये, नाहीतर ती चाकाखाली येतात.

मी हे सगळं मनात म्हणत उतरत होते, हात घामेजले होते. खरं सांगते, देखावा मी काही पाहिला नाही, मला फक्त समोरचा डांबर नि त्यातले खड्डे दिसत होते. पाहिला तो सासूबाईंनी. डोळे सताड उघडे. कड्यांवर सोनकी पिवळी फुललेली, पाऊस संपला तरी दोनतीन धारा अजून कातळावरून येत होत्या, आणि खाली आमचं सगळं खोरं उन्हात. एका वळणावर त्या इतक्या मोठ्याने बोलल्या, की मी दचकलेच.

‘अगं बाई, एवढा हिरवा असतो होय हा घाट!’

मागच्या सीटवरून ह्यांनी विचारलं, ‘आई, म्हणजे तुला घाट लागत नाही?’

‘कधी लागला?’ त्या म्हणाल्या. ‘ती डबी देते, म्हणून मी घेते. आवळासुपारी मला आवडते.’

पोफळीला पोचलो तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला लावून मी पाच मिनिटं नुसती बसून राहिले. पाय थरथरत होते. ह्यांनी खाली उतरून चारही चाकांना हात लावून पाहिला, ब्रेकचा वास येतोय का पाहिलं. नव्हता. ‘चिपळूणपर्यंत मी घेऊ?’ असं विचारलं. मी दिली. ते दमले नव्हते आणि मी दमले होते, त्यात मान-अपमान कसला!

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या भगिनी, उपाय वर दिलेच आहेत, ते जरूर करून बघा. आवळासुपारीसाठी आवळे किसून, मीठ-जिरं लावून कडक उन्हात तीन दिवस वाळवते, पाव किलोला एक चमचा जिरं पुरतं. पण डबी हातात देण्याआधी तुमच्या सासूबाईंना कोणत्या ठिकाणापासून कोणत्या ठिकाणापर्यंत त्रास होतो, तेवढं एकदा विचारा. मला चौदा वर्षांत ते सुचलं नव्हतं.

११ डिसेंबरला सासूबाईंना पुन्हा जायचं होतं. शाळेतून रजा मिळाली नाही, म्हणून त्यानंतरच्या रविवारी गेलो. जाताना घाट चढायचा होता, तो मीच चढवला. ह्या वेळी त्यांनी बहिणीलाही कराडहून बोलावून घेतलं होतं; तिला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं, ती तर भूकंपानंतर जन्मलेली. दोघी त्या रिकाम्या जागेशी बऱ्याच वेळ बसल्या होत्या. आम्ही गाडीतच थांबलो.